दोन वर्षं राहायचा ट्रेलर: साडेतीन तासांची तपासणी आणि एक नकार

टेक्ससच्या आखाती किनाऱ्यावर, पोर्ट आर्थर आणि साबीन पासच्या पट्ट्यात, नैसर्गिक वायू द्रवरूप करून जहाजांत भरणारे प्रचंड प्रकल्प उभे राहत आहेत. अशा कामांवर माणसं हजारोंनी येतात आणि भाड्याची घरं मोजकीच असतात. म्हणून वेल्डरपासून इंजिनिअरपर्यंत पुष्कळजण आरव्ही पार्कात, म्हणजे राहत्या गाड्या लावायच्या तळावर, महिन्याच्या भाड्याने जागा घेतात आणि तिथे स्वतःचा ट्रॅव्हल ट्रेलर लावून राहतात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअपच्या मागे हिचच्या, म्हणजे ओढायच्या आकड्याच्या, गोळ्याला जोडून ओढायची चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, फ्रिज, गिझर, संडास-बाथरूम सगळं असतं.

हे प्रकरण अशाच एका खरेदीचं. प्रकरण नमुन्याचं आहे, म्हणजे अशा तपासण्यांत वारंवार सापडणारे दोष इथे एकाच ट्रेलरवर आणून ठेवले आहेत. घेणारं जोडपं मूळ देवरुखकडचं. तो पाइपिंग इंजिनिअर, ती घरूनच लॅपटॉपवर काम करणारी. मुक्काम दोन वर्षांचा, हाताशी १५,००० डॉलर. समोरचा ट्रेलर २०१६ चा, २६ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा, एका बाजूला बाहेर सरकणारी स्लाइड असलेला. मागणी १३,९०० डॉलरची. फोटोत चकचकीत.

सुट्टीत चार रात्री काढायला ट्रेलर घेणं वेगळं आणि त्यात संसार थाटणं वेगळं. सुट्टीवाल्याचा फ्रिज बिघडला तर तो बर्फाची पेटी नेतो. छप्पर गळलं तर ट्रेलर महिनाभर वर्कशॉपमध्ये सोडून देतो. राहणाऱ्याचं घरच वर्कशॉपमध्ये गेलं तर त्याने निजायचं कुठे? या प्रकरणातला शेवटचा निर्णय या एकाच प्रश्नावर झाला.

निघण्याआधी फोनवर

विकणाऱ्याला चार गोष्टी आधीच सांगितल्या. फ्रिज आदल्या दिवशी सकाळीच चालू करून ठेवा. ट्रेलरला वीज आणि पाणी जोडलेलं असू द्या. आम्ही येईपर्यंत एसी बंद आणि खिडक्या-दारं बंद ठेवा. आणि व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी, टायरच्या बाजूवरचा डीओटी क्रमांक (टायर कधी बनला ते यावरून कळतं) आणि दारापाशी लावलेलं वजनाचं पिवळं लेबल, यांचे फोटो पाठवा.

व्हीआयएन सतरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं. इथे ते ‘जी’ होतं, म्हणजे २०१६. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर रिकॉल, म्हणजे दोषापायी कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेली मॉडेलं, बघता येतात. मालकीच्या कागदाचा, म्हणजे टायटलचा, इतिहास काही डॉलरांत मिळतो. तो स्वच्छ निघाला.

पण या भागात स्वच्छ टायटलवर विसंबणं धोक्याचं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाने पोर्ट आर्थर पाण्याखाली घातलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये इमेल्डा वादळाने शेजारच्या बोमाँटच्या आसपास पुन्हा तेच केलं. पुरात बुडाल्याचा शिक्का टायटलवर साधारणपणे विमा कंपनी गाडी निकालात काढते तेव्हा बसतो. ज्याचा विमाच नव्हता त्याने ट्रेलर धुतला, वाळवला आणि विकला, तर कागदावर काहीच उमटत नाही. म्हणून पुराच्या खुणा डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. सर्वात खालच्या ड्रॉवरखालच्या स्क्रूंना गंज आहे का, पलंगाखालच्या कप्प्यात कोपऱ्याला मातीची बारीक रेघ आहे का, आणि जमिनीलगत बसवलेल्या विजेच्या पेटीतल्या पंख्यात वाळलेला गाळ आहे का. इथे यातलं काही सापडलं नाही.

टायरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २२१५ होते, म्हणजे २०१५ चा बाविसावा आठवडा. ट्रेलरच्या लेबलवर बनल्याचा महिना जुलै २०१५. टायर कारखान्यातलेच, दहा वर्षांचे. नक्षी नव्यासारखी दिसत होती, कारण ट्रेलर फिरलाच नव्हता. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या-उभ्या उन्हाने मरतात. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते बदलायचे, नाहीतर महामार्गावर फुटतात आणि फुटताना चाकावरचं आवरण, गॅसची नळी, बाजूची भिंत असं हाती लागेल ते फाडून नेतात. चार नवे टायर बसवून साधारण ५५० डॉलर. घराबाहेर पडण्याआधीच हा आकडा वहीत गेला.

दार उघडल्यावरची पहिली तीन मिनिटं

दार उघडून आत जायचं, दार लावून घ्यायचं आणि गप्प उभं राहायचं. बंद ट्रेलर उन्हात तापलेला असला की लाकडातली ओल वासाने बोलते. इथे आधी आला तो लिंबाच्या सुगंधाचा वास. भिंतीवरच्या प्लगमध्ये सुगंधी कुपी लावलेली होती. अशी कुपी दिसली की ती काढून बाहेर ठेवावी आणि पंधरा मिनिटांनी परत आत यावं. तसं केल्यावर पुढच्या भागात, पलंगाशी, बाईंनी वास ओळखला. “श्रावणात आमच्या कोठीच्या खोलीत येतो तो,” एवढंच त्या म्हणाल्या. कोकणात वाढलेल्या नाकाला कुबटपणा शिकवावा लागत नाही.

ओल मोजायचा मीटर काढण्याआधी क्रम ठरवला. आधी छप्पर, मग कोपरे, मग स्लाइडची जमीन, आणि वीज-गॅस-पाणी सगळ्यात शेवटी. पुष्कळजण उलट करतात. टीव्ही लावून बघतात, बाहेरचं कापडी छत उघडून बघतात, आणि दोन तासांनी छपरावर चढायला अंगात त्राण उरत नाही. ज्या दोषापायी सौदा मोडणार, तो आधी शोधावा.

छप्पर

शिडी आपली न्यावी. छपरावर चालायचं तर विकणाऱ्याला विचारून, आणि गुडघ्याखाली प्लायवूडचा तुकडा ठेवून. बहुतेक ट्रेलरच्या छतावर पातळ रबरी पडदा असतो, ईपीडीएम किंवा टीपीओ जातीचा. ईपीडीएम जुना होत जातो तशी त्याची पांढरी भुकटी सुटते आणि भिंतींवर पांढरे ओघळ येतात. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पाहायचं ते पडद्यातून वर आलेल्या प्रत्येक गोष्टीभोवती: पंख्याची झडप, गटाराचे वाफनळे, बाथरूमवरची प्लॅस्टिकची खिडकी, अँटेना, आणि पुढच्या-मागच्या टोकांना पडदा संपतो ती पट्टी. तिथे स्वतःहून सपाट पसरणारं सीलंट ओतलेलं असतं. ते दर सहा महिन्यांनी बघून जिथे भेगाळलं तिथे भरायचं असतं. हे न करणारे मालकच जास्त.

पुढच्या पट्टीवर डावीकडे सुमारे दीड फूट लांबीचा चकचकीत पांढरा थर होता. बोटाने दाबला तर रबरासारखा उसळत होता. ते घरगुती सिलिकॉन. छपरावर सिलिकॉन दिसलं की दोन गोष्टी कळतात. एक, तिथून पाणी आत गेलेलं आहे, नाहीतर कुणी ते लावलंच नसतं. दोन, आता तिथे योग्य सीलंट चिकटणार नाही, कारण सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही. ते खरवडून, पट्टी उचलून, खालची ब्यूटाइलची चिकट टेप बदलून पुन्हा सगळं करायचं. हाताच्या पंजाने आसपास दाबलं तेव्हा छत मऊ लागलं नाही. एवढीच काय ती बरी बातमी.

भिंत आणि मीटर

ट्रेलरच्या भिंती दोन तऱ्हेच्या असतात. एकात लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर बाहेरून नागमोडी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला असतो. दुसरीत फायबरग्लासची गुळगुळीत कातडी, तिच्यामागे पातळ प्लाय, मग फोम, सगळं गोंदाने दाबून एक केलेलं. दिसायला दुसरी देखणी. पण तिच्यात पाणी शिरलं की प्लायवरचा गोंद सुटतो आणि कातडी फुगते. हा फुगवटा समोरून दिसत नाही. भिंतीला गाल लावून, किंवा अंधारात टॉर्च भिंतीला समांतर धरून, पृष्ठभागावरून उजेड सरकवला की भाजलेल्या पोळीसारखा तो वर येतो.

पुढच्या डाव्या कोपऱ्यात, सिलिकॉनच्या बरोबर खाली, दोन तळहातांएवढा फुगवटा होता.

आता मीटर. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर चाळीसेक डॉलरला मिळतो. सुया टोचल्याने बारीक भोकं पडतात, म्हणून परवानगी घ्यावी आणि कप्प्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या लाकडात टोचावं. आधी कोरड्या जागेचा आकडा घ्यायचा. ओट्यावरच्या कपाटात ११ टक्के आले. हा पाया. समोरच्या खिडकीखाली १३. पुढच्या सामानाच्या कप्प्यात उजव्या कोपऱ्याला १४. डाव्या कोपऱ्याला २७.

साधारणपणे १५ च्या आतलं लाकूड निरोगी समजावं. २० च्या वर गेलं की बुरशीला पोषक, आणि २८-३० च्या आसपास लाकूड कुजायला लागतं. २७ हा जुन्या गळतीचा आकडा नव्हे. जुनी, बंद झालेली गळती वाळते आणि तिथे फक्त तपकिरी डाग उरतो. इथलं पाणी अजून येत होतं. सिलिकॉनने भोक बुजलं नव्हतं, फक्त दृष्टीआड झालं होतं.

विकणाऱ्याचं म्हणणं, मागच्या आठवड्यात पाऊस झाला म्हणून. खरंच आहे. पण बोमाँट-पोर्ट आर्थर भागात वर्षाला सुमारे ६० इंच पाऊस पडतो आणि तो बारा महिने विभागून पडतो. रत्नागिरीत याच्या दुप्पट पडतो, तरी तिथल्या लाकडाला ऑक्टोबर ते मे सुकायला मिळतात. इथे लाकूड सुकायच्या आत पुढची सर येते.

स्लाइडची जमीन

स्लाइड म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारा कप्पा. त्यात सोफा आणि जेवणाचं टेबल असतं आणि खोली तीन फुटांनी रुंद होते. राहणाऱ्याला ही जागा सोन्यासारखी वाटते. आणि नेमकी तिचीच जमीन सगळ्यात आधी कुजते.

कारण बांधणीत आहे. स्लाइडची जमीन म्हणजे लाकडाच्या कपच्या दाबून केलेली फळी, खालून काळ्या पडद्यात गुंडाळलेली. पाणी बाजूच्या भिंतीवरून ओघळतं, खालच्या कडेला थांबतं, आणि पडदा जिथे स्टेपल मारून संपवला आहे तिथून फळीच्या उघड्या कडेत चढतं. फळी फुगते, मग भुसभुशीत होते. सुट्टीवाल्याची स्लाइड वर्षात वीस दिवस उघडी असते, राहणाऱ्याची दोन वर्षांत सातशे दिवस. आतून गालिच्यावर चालून हे कळत नाही, कारण सोफ्याचे पाय मधे येतात. बाहेरून वाकून, स्लाइडखाली हात घालून, मागच्या आणि पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर बोटं दाबायची. शंका आली तर विचारून टोचा लावायचा.

मागच्या कोपऱ्यात टोचा अर्धा इंच आत गेला, हातावर जोर न देता. बाहेर काढला तर टोकाला ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुसा. पुढच्या कोपऱ्यात तो जेमतेम रुतला.

यंत्रणा मात्र ठीक होती. स्लाइड दोनदा पूर्ण आत-बाहेर केली. या ट्रेलरमध्ये दोन्ही बाजूंच्या भिंतीत वेगवेगळी मोटर होती. अशी स्लाइड कधी एका बाजूला मागे राहते आणि तिरकी अडकते. सरकताना दोन्ही टोकांच्या फटी सारख्या राहतात का, आणि शेवटी रबरी सील सगळीकडे दबतं का, एवढं बघावं. ही स्लाइड सरळ चालली.

इथपर्यंत सव्वा तास झाला होता. निर्णय जवळपास झालाच होता, तरी तपासणी पुढे चालू ठेवली, कारण नाही म्हणायचं झालं तरी का, ते आकड्यांत कळायला हवं.

खालची बाजू

चटई टाकून आत सरकायचं. स्प्रिंगचे पाटे एकमेकांना जोडणारे शॅकल, म्हणजे लोखंडी कड्या, आणि त्यांच्यातले प्लॅस्टिकचे बुश झिजले की बोल्ट धातूवर धातू घासतो. इथे दोन बुश गेलेले, भाग स्वस्त, मजुरी दोन तासांची. चासीला पाटे जिथे जोडलेत त्या कानांशी भेगा नव्हत्या. प्रत्येक चाक जॅकवर उचलून फिरवलं आणि वर-खाली धरून हलवलं. खडखड नव्हती, पण बेअरिंगला ग्रीस कधी भरलं याची नोंदही नव्हती, म्हणजे भरायचंच. ब्रेक विजेचे असतात. पुढच्या त्रिकोणी दांड्यावरची ब्रेकअवे पिन (ट्रेलर पिकअपपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी) क्षणभर ओढली की चाकं जाम व्हायला हवीत, इथे झाली. पिन लगेच परत बसवायची, नाहीतर ब्रेकमधले चुंबक तापतात आणि बॅटरी उतरते. टेक्ससमध्ये २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली आहे, तेव्हा कुणीतरी कधीतरी ब्रेक बघितले असतील असं धरून चालू नये.

खालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला पोट आलेलं आहे का तेही बघितलं. पोट म्हणजे आत साचलेलं पाणी, आणि पाणी कुठल्या टाकीचं ते वासावरून कळतं.

गॅस, फ्रिज आणि ओटा

गॅसची खरी चाचणी मॅनोमीटरने, म्हणजे दाब मोजायच्या यंत्राने, होते. सगळी उपकरणं बंद ठेवून नळ्यांत आठ इंच पाण्याचा दाब ठेवायचा आणि तीन मिनिटं तो तसूभर हलता कामा नये. ही तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. घेणाऱ्याला जमण्यासारखी ढोबळ चाचणी म्हणजे सिलिंडर उघडून लगेच बंद करायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. दोन सिलिंडरांमधल्या रेग्युलेटरवरची खिडकी लाल झाली तर कुठेतरी गळती आहे. इथे झाली नाही. जमिनीलगत बसवलेला गॅसचा अलार्म मात्र मूळचाच होता. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म खाली बसवतात. त्याचं आयुष्य बनावटीप्रमाणे पाच ते सात वर्षं. त्यावर छापलेली तारीख बघायची, बटण दाबून आवाज आला म्हणजे तो वास ओळखतोच असं नाही.

फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा, अमोनियाचा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. तो थंड व्हायला निम्मा दिवस घेतो, म्हणून आदल्या दिवशी लावायला सांगितलं होतं. विकणाऱ्याने तपासणीच्याच दिवशी सकाळी लावला होता. फ्रीझर गार, खालचा भाग ५८ फॅरनहाइट, पाहिजे ४० च्या आत. बाहेरची जाळी काढून मागे पाहिलं. नळ्यांवर पिवळी भुकटी असती तर अमोनियाचं यंत्र फुटलं असं समजायचं. भुकटी नव्हती, वासही नव्हता. तरी जी गोष्ट सिद्ध झाली नाही ती बिघडलेली धरायची. नवा फ्रिज बसवून दीड हजार डॉलर.

ओट्याशी या जोडप्याने केलेली एक गोष्ट सगळ्यांनी करावी. त्यांनी आपला पाच लिटरचा कुकर आणि पोळ्यांचा तवा सोबत नेला होता. तीन बर्नरच्या शेगडीवर दोन्ही एकावेळी मावत नव्हते. तवा पुढच्या बर्नरवर ठेवला की कुकरची मूठ भिंतीला टेकत होती. हे कुठल्याही तपासणी-यादीत नसतं आणि रोज संध्याकाळी छळतं.

चिमणीचंही तसंच. काही ट्रेलरमध्ये चिमणी हवा बाहेर टाकतच नाही, फक्त जाळीतून गाळून परत तुमच्या तोंडावर सोडते. बाहेरून पंख्याची झडप आहे का, आणि प्रवासासाठी लावलेली तिची खिट्टी काढलेली आहे का, ते बघावं. फोडणीच्या धुराने अलार्म ओरडतो हा किरकोळ त्रास. मोठा त्रास वाफेचा. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी हवेत सुटतं, वर कुकरच्या शिट्ट्या, वर दोन माणसांचे श्वास. एवढ्याशा खोलीतली ही वाफ गादीखालच्या फळीवर आणि कपाटांच्या मागे जाऊन बसते. पलंगाची गादी उचलून खालची फळी बघितली तर मागच्या मालकाने आत किती दिवस काढले ते कळतं. इथे काळे ठिपके होते.

गरम ठेवण्याचा हिशेबही इथेच करावा. तासाला ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) हीटर थंडीच्या लाटेत निम्मा वेळ चालला तर दिवसाला ३,६०,००० बीटीयू. प्रोपेनच्या गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात, म्हणजे जवळजवळ चार गॅलन. वीस पौंडी सिलिंडरमध्ये ४.७ गॅलन मावतात. सिलिंडर दिवसाला एक. आखाताकाठी अशा लाटा वर्षात मोजक्याच येतात, पण येतात तेव्हा पहाटे तीनला सिलिंडर संपतो.

वीज

ट्रेलर ३० अँपिअरचा, १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी चालू असताना १३ अँपिअर, गिझर विजेवर १२, मायक्रोवेव्ह १२. तिन्ही एकदम लावले की ३७, आणि सर्किट ब्रेकर पडतो. हा दोष नाही, हे गणित आहे. गिझर गॅसवर लावायचा.

बघायचं ते केबलच्या पिनांकडे. एक पिन तपकिरी झाली असेल, प्लॅस्टिक वितळल्यासारखं असेल, तर सैल जोडणीवरून वर्षानुवर्षं जास्त भार गेला आहे. इथे पिना स्वच्छ होत्या. बॅटरीवर मल्टिमीटर लावला, बाहेरची वीज बंद असताना १२.१ व्होल्ट आणि चालू असताना १३.६. चार्जर ठीक, बॅटरी थकलेली. अर्थिंगचा टेस्टर प्रत्येक प्लगमध्ये घालून पाहिला, आणि बाहेरच्या धातूला बिनस्पर्शाचा टेस्टर लावून अंगाला करंट येत नाही हेही.

पाणी

ताज्या पाण्याची टाकी भरून पंप चालू केला आणि सगळे नळ बंद करून शांत बसलो की पंपानेही शांत बसायला हवं. हा दर चार मिनिटांनी खरखरत होता, म्हणजे कुठेतरी थेंब. टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोडाखाली फिरवला. संडासाच्या मागच्या झडपेशी तो भिजला. चाळीस डॉलरचा भाग. गिझरची मॅग्नेशियमची कांडी, जी टाकीऐवजी स्वतः गंजते, काढून पाहिली (आधी गिझर थंड आणि दाब सोडलेला हवा). पाऊण भाग खाल्लेला. कांडी पंधरा डॉलरची, पण ती बदलणारा मालक नव्हता हेही तिने सांगितलं. ज्या गिझरची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते त्यात कांडी नसतेच, तिथे शोधत बसू नये.

मैल्याच्या टाकीची झडप बंद ठेवून बाहेरचं झाकण उघडलं, खाली ट्रे धरून. थेंब पडला नाही. पार्कात कायमचं राहताना सांडपाण्याची झडप उघडी ठेवली तरी चालते, मैल्याची मात्र दोन-तृतीयांश भरेपर्यंत बंदच. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग आत ढीग करून वाळतो. आधीच्या मालकाने असं केलं होतं का ते बाथरूममधून टॉर्च टाकून दिसतं. एक गोष्ट आपल्या लोकांच्या फायद्याची. पाणी वापरणाऱ्यांची टाकी कागद वापरणाऱ्यांपेक्षा स्वच्छ राहते.

हिशेब

टायर ५५०, बुश आणि बेअरिंगचं काम ३५०, बॅटरी १३०, अलार्म ९०, संडासाची झडप आणि कांडी ५५, फ्रिज १,५००. बेरीज २,६७५. या सगळ्या विकत मिळणाऱ्या वस्तू. यांच्यापायी सौदा मोडायचा नसतो, तेवढी किंमत खाली आणायची.

उरल्या दोन गोष्टी. स्लाइडची जमीन बदलणं, अंदाज २,५०० ते ४,०००. आणि पुढचा डावा कोपरा, ज्याचा अंदाज देता येत नाही, कारण भिंत उघडल्याशिवाय कूज किती आत गेली ते कुणालाच दिसत नाही.

विकणाऱ्याने किंमत १०,५०० वर आणली. मग ९,५०० वर. मोह झाला. पण वर्कशॉपमध्ये नंबर लागायला आठवडे, काम चालायला आणखी तीन आठवडे, आणि तेवढे दिवस आठवडी भाड्याच्या हॉटेलात ४५० डॉलर दर आठवड्याला. त्या काळात पार्कातली जागा रिकामी ठेवली तरी भाडं चालू. बरं, अनेक खासगी पार्क दहा वर्षांहून जुना ट्रेलर घेत नाहीत. २०१६ चं मॉडेल २०२६ मध्येच त्या रेषेवर येणार होतं. काम मधेच शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्सला हललं असतं तर दुरुस्तीवर पाच हजार ओतलेला ट्रेलर लावायला जागा शोधत फिरावं लागलं असतं. फुकट दिला तरी घेऊ नये, असं म्हणण्याइतका तो वाईट नव्हता. ज्याला घरामागे छताखाली ठेवून सवडीने दुरुस्त करायचा आहे, त्याला ९,५०० मध्ये बरा होता. यांना नव्हता.

नकार दिला. विकणारा रागावला, ते स्वाभाविकच.

पाच आठवड्यांनी त्यांनी दुसरा घेतला. २०१९ चा, २४ फुटी, पत्र्याच्या भिंतींचा, बिनस्लाइडचा, १२,४०० डॉलरला. आत दोघांना एकमेकांना वाट देऊन चालावं लागतं. टायर यालाही नवे घातले आणि पुढच्या खिडकीभोवतीचं सीलंट काढून पुन्हा भरलं. कायम राहण्याचा विमा वेगळा मिळतो, तो घेतला. साधा सुट्टीचा विमा काढून आत राहिलं आणि काही झालं तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मालकाच्या नावाचं टायटल आणि बँकेचं कर्ज फिटल्याचा कागद हातात आल्यावरच पैसे दिले, आणि टेक्ससचा ६.२५ टक्के कर आधीच बजेटमध्ये धरला होता. पार्कात पोचल्यावर केबल लावण्याआधी खांबावरच्या प्लगमध्ये मल्टिमीटर घातला. घरातली वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन ३० अँपिअरचा हा प्लग कधी कधी कपडे वाळवण्याच्या यंत्राचा समजून २४० व्होल्ट जोडतो आणि पहिल्याच मिनिटाला आतली सगळी उपकरणं जळतात. इथे १२१ आले.

ओट्यावरच्या कपाटाच्या दारामागे पेन्सिलीने सात जागांचे आकडे लिहिलेले आहेत: ११, ११, १२, १०, १३, ११, १२. जोराचा पाऊस झाला की दोन दिवसांनी त्याच सात जागी मीटर टोचायचा. खिडकीखालच्या १३ च्या पुढे आता १६ लिहिलंय, आणि त्याच्यापुढे शनिवारची तारीख, कारण शनिवारी शिडी रिकामी मिळते.